कुत्र्याच्या तोंडातले विनाइल

लहान मुलांची खेळणी आणि कुत्र्यांची खेळणी पुष्कळदा एकाच जातीच्या प्लास्टिकची असतात, एकाच पद्धतीच्या साच्यांतून निघतात आणि तशाच भडक रंगांत रंगवलेली असतात. फरक असतो तो त्यांना लागू होणाऱ्या नियमांत. मूल खेळणे तोंडात घालते ते फार तर दोन-तीन वर्षे, आणि तेही हिरड्यांनी किंवा कोवळ्या दुधाच्या दातांनी. कुत्रा तेच खेळणे पुढच्या पंजांत घट्ट धरून, मागच्या दाढांखाली घेऊन, लाळेने ओलेचिंब होईपर्यंत चावत बसतो, आणि हा उद्योग बहुतेक कुत्री आयुष्यभर करतात. तरीही प्लास्टिकमधून काय झिरपते याची काळजी कायद्याने वाहिली आहे ती मुलांपुरती. माझ्या घरात अशीच एक अट्टल चावरी कुत्री असल्यामुळे या विषयावरचे संशोधन मी बरेच दिवस वाचत आहे. त्यात घाबरवणारे लेख भरपूर आहेत आणि ‘काही होत नाही’ म्हणून हात झटकणारेही तितकेच आहेत. म्हणून काय सिद्ध झाले आहे आणि पुरावा कुठे संपतो, एवढे तरी स्पष्ट मांडावे असे वाटले.

सुरुवात पीव्हीसीपासून, म्हणजे ज्याला आपण विनाइल म्हणतो त्यापासून करू. हे प्लास्टिक मुळात मऊ नसतेच. पाण्याचे पाइप ज्या पीव्हीसीचे असतात ते दगडासारखे टणक असते. त्याला रबरासारखा लवचिकपणा यावा म्हणून त्यात तेलकट द्रव मिसळतात, त्यांना प्लास्टिसायझर म्हणतात. अनेक दशके या कामासाठी सर्वांत जास्त वापरले गेले ते थॅलेट या वर्गातले पदार्थ, आणि त्यांतही डीईएचपी. मऊ विनाइलच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग नुसता प्लास्टिसायझरचा असू शकतो. मुख्य अडचण अशी की हा पदार्थ प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. तो प्लास्टिकच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्यांमध्ये केवळ शिरून बसलेला असतो, त्यामुळे उष्णता, दाब, घर्षण किंवा चरबी यांपैकी काहीही मिळाले की बाहेर पडू लागतो.

हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. दाबल्यावर चूंचूं वाजणारे एखादे जुने विनाइलचे खेळणे उन्हाच्या खिडकीत काही आठवडे राहिले, तर त्याच्या अंगावर बोटाला चिकटणारा, धूळ धरून ठेवणारा एक पातळ थर येतो. तो बराचसा आतून बाहेर आलेला प्लास्टिसायझरच असतो. तेच खेळणे दुसऱ्या एखाद्या कडक प्लास्टिकच्या डब्यावर बराच काळ पडून राहिले, तर डब्याचा तेवढा भाग मऊ पडून त्यावर ठसा उमटतो, कारण तो तेलकट पदार्थ शेजारच्या प्लास्टिकमध्येही शिरतो. उलट, खूप चावलेल्या खेळण्याचे कान, शेपूट असे पातळ भाग हळूहळू कडक होऊन तडकू लागतात. तिथला प्लास्टिसायझर कमी झालेला असतो, आणि तो कमी होण्याच्या वाटांपैकी एक कुत्र्याच्या तोंडातून जाते.

दुसरा पदार्थ बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए. हा पॉलिकार्बोनेट या पारदर्शक टणक प्लास्टिकचा आणि अन्नाच्या पत्र्याच्या डब्यांना आतून लावल्या जाणाऱ्या इपॉक्सी लेपाचा कच्चा माल आहे. त्याचा इतिहास लोकांना वाटतो त्यापेक्षा जुना आहे. इंग्लंडमधले संशोधक एडवर्ड चार्ल्स डॉड्स १९३० च्या दशकात कृत्रिम इस्ट्रोजेनच्या, म्हणजे स्त्री-संप्रेरकाच्या (हार्मोनच्या), शोधात होते आणि ज्या पदार्थांचा इस्ट्रोजेनसारखा परिणाम होतो असे त्यांना आढळले, त्यांत बीपीए होते. औषध म्हणून पुढे दुसरेच संयुग निवडले गेले आणि बीपीए काही वर्षांनी प्लास्टिकच्या उद्योगात गेले. म्हणजे हा पदार्थ स्त्री-संप्रेरकाची नक्कल करतो ही बाब त्यापासून पहिली बाटली घडण्याआधीच छापून आलेली होती. हे वाचताना मला दर वेळी थोडा राग येतो.

संप्रेरके रक्तात अत्यल्प प्रमाणात असतात आणि पेशींवरच्या किंवा पेशींच्या आतल्या ठरावीक ग्राहक-रेणूंना (रिसेप्टरना) चिकटून काम करतात. बीपीए इस्ट्रोजेनच्या ग्राहक-रेणूला चिकटू शकते. थॅलेटांचा मार्ग वेगळा आहे. डीईएचपीसारखे पदार्थ शरीरात गेल्यावर त्यांचे जे विघटित रूप तयार होते, ते वृषणातल्या टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींचे काम मंदावते. उंदरांवरच्या अनेक प्रयोगांत हा परिणाम गर्भावस्थेत आणि जन्मानंतरच्या पहिल्या काळात सर्वांत तीव्र दिसला आहे. पूर्ण वाढ झालेल्या प्राण्यात ज्या मात्रेने फारसे काही बिघडत नाही, तीच मात्रा जननेंद्रिये घडत असतानाच्या दिवसांत कायमचा फरक करून जाऊ शकते. पिल्लांच्या बाबतीत म्हणूनच जास्त विचार करावासा वाटतो. दुधाचे २८ दात पडून ४२ कायमचे दात येण्याच्या महिन्यांत पिल्लू दिसेल ते चावते, त्याचे वजन कमी असते, आणि त्याची वाढ अजून चालू असते.

आता मूळ प्रश्न: कुत्र्याच्या खेळण्यातून हे पदार्थ खरोखर लाळेत उतरतात का? यावर थेट काम केले ते अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठातल्या किंबर्ली वूटन आणि फिलिप स्मिथ यांनी. स्मिथ स्वतः लॅब्रॅडॉर पाळतात आणि त्यांना शिकवतात. शिकारी कुत्र्यांना वस्तू उचलून आणायला शिकवताना प्लास्टिकचे लांबट दांडके वापरतात, त्यांना बम्पर म्हणतात. आपली कुत्री ही बम्पर सतत तोंडात घेऊन फिरतात, तेव्हा त्यांच्या पोटात काय जात असेल, या साध्या कुतूहलातून हा अभ्यास सुरू झाला. त्यांनी कृत्रिम लाळ तयार केली, बम्पर आणि दुकानातली खेळणी तिच्यात ठेवली, आणि चावण्याची नक्कल करण्यासाठी ती स्टीलच्या स्वयंपाकातल्या चिमट्याने दाबली. काही बम्पर आधी उन्हापावसात ठेवून जुने केले होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार बीपीए आणि थॅलेट दोन्ही लाळेत उतरले. बम्परमधून ते जास्त उतरले, इतर खेळण्यांतून कमी.

या अभ्यासाचा अर्थ लावताना मात्र जपून राहावे लागते. त्यातून एवढेच सिद्ध होते की पदार्थ प्लास्टिक सोडून लाळेच्या द्रवात येतो. तो कुत्र्याच्या रक्तात किती जातो, किती काळ टिकतो आणि तिथे काय करतो, हे प्रश्न त्या चिमट्याच्या पलीकडचे आहेत. चिमटा म्हणजे जबडा नव्हे. खरा कुत्रा प्लास्टिक नुसते दाबत नाही, तो त्याचे तुकडे करतो आणि काही गिळतोही, त्यामुळे प्रत्यक्षातली मात्रा कमी असेल की जास्त, हे या प्रयोगावरून ठरवता येत नाही. शिवाय थॅलेट आणि बीपीए शरीरात वर्षानुवर्षे साठून राहणारे पदार्थ नाहीत; त्यांचा बराचसा भाग तासांच्या हिशेबात विघटित होऊन लघवीवाटे निघून जातो. काळजीचे कारण साठणे हे नसून रोज नव्याने भर पडणे हे आहे, आणि रोज चावले जाणारे खेळणे नेमके त्याच प्रकारात मोडते.

खेळण्यांमुळे अमुक कुत्र्यांना अमुक आजार झाला, असे दाखवणारा अभ्यास माझ्या वाचनात नाही. कर्करोग, थायरॉइड, लठ्ठपणा अशी यादी देऊन सगळ्याचा दोष चूंचूं वाजणाऱ्या बदकावर टाकणारे लेख मी म्हणूनच बाजूला ठेवतो. पण कुत्र्यांच्या प्रजननक्षमतेविषयीचे एक काम असे आहे की ते वाचल्यावर खांदे उडवून गप्प बसता येत नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या रिचर्ड ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अपंग व्यक्तींना मदत करणारी कुत्री जिथे पैदास केली जातात अशा एका ठिकाणच्या नरांच्या वीर्याच्या नोंदी १९८८ ते २०१४ अशा २६ वर्षांच्या तपासल्या. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, बॉर्डर कॉली, जर्मन शेफर्ड अशा जातींचे हे नर होते. नीट पोहणाऱ्या शुक्राणूंचे प्रमाण पहिल्या दहा वर्षांत दरवर्षी सरासरी अडीच टक्क्यांनी घसरले. ज्या नरांची प्रजननक्षमता कमी दिसली त्यांना पैदाशीतून काढून टाकल्यावरही पुढच्या टप्प्यात घसरण मंद गतीने चालूच राहिली. याच काळात, वृषण अंडकोशात न उतरता वरच अडकून राहिलेल्या नर पिल्लांचे प्रमाण वाढलेले दिसले.

याच गटाने कुत्र्यांच्या वीर्यात, वृषणात आणि बाजारात मिळणाऱ्या काही श्वानखाद्यांत डीईएचपी सापडल्याचे नोंदवले. त्यासोबत पीसीबी-१५३ हे जुन्या विद्युत उपकरणांच्या काळातले, आता बंदी असलेले पण मातीत आणि अन्नसाखळीत टिकून राहिलेले रसायनही होते. हे पदार्थ जेवढ्या प्रमाणात सापडले तेवढ्याच प्रमाणात परीक्षानळीतल्या शुक्राणूंना दिले, तेव्हा शुक्राणूंची हालचाल मंदावली. २०१९ मध्ये त्यांनी हाच प्रयोग माणसाच्या आणि कुत्र्याच्या शुक्राणूंवर समांतर केला आणि दोन्हींत सारखाच परिणाम दिसला: हालचाल कमी झाली आणि डीएनए अधिक तुटलेला आढळला. २६ वर्षांच्या घसरणीचे कारण हीच रसायने आहेत, असे या कामाने सिद्ध झालेले नाही, आणि लेखकांनीही शब्द जपूनच वापरले आहेत. पण यात कुत्रा आणि माणूस एकाच घरात, एकाच धुळीत, एकाच प्रकारच्या वेष्टनांतले अन्न खात राहतात, ही गोष्ट महत्त्वाची ठरते. कुत्र्याचे आयुष्य आपल्यापेक्षा लहान असते, त्यामुळे जो परिणाम माणसांत दिसायला पिढी जावी लागते तो त्याच्यात लवकर दिसू शकतो.

खेळणे हा त्या साऱ्या मात्रेचा एकच हिस्सा आहे, आणि बहुधा सर्वांत मोठा नाही. २०१६ च्या शेवटी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठातल्या शेरिल रोझेनफेल्ड यांच्या गटाने पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे डबाबंद श्वानखाद्य दिले, आणि एवढ्या थोड्या काळात त्यांच्या रक्तातले बीपीए जवळजवळ तिपटीने वाढले. वापरलेल्या खाद्यांपैकी एक बीपीएमुक्त समजले जाणारे होते. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंच्या रचनेतही बदल दिसला. म्हणजे सगळी खेळणी फेकून देऊन रोज दोन वेळा डब्यातले खाद्य वाढणाऱ्याने दारे लावून खिडक्या उघड्या ठेवल्या, असेच म्हणावे लागेल. माझ्याकडे डबाबंद खाद्य आता फक्त प्रवासात वापरले जाते.

‘बीपीएमुक्त’ या शिक्क्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण पाळीव प्राण्यांच्या वस्तूंवर तो आता सर्रास दिसतो. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पॅट्रिशिया हंट या आनुवंशिकीच्या संशोधकांच्या प्रयोगशाळेत, ज्या उंदरांवर कसलाच प्रयोग केलेला नव्हता त्यांच्याच बीजांडांत अचानक गुणसूत्रांचे दोष दिसू लागले. एरवी एक-दोन टक्के असणारे हे प्रमाण चाळीस टक्क्यांवर गेले. शोध घेतल्यावर कळले की एका हंगामी कामगाराने पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या फरशी धुण्याच्या तीव्र अल्कधर्मी द्रवाने धुतल्या होत्या. प्लास्टिक त्याने खराब झाले होते आणि बीपीए बाहेर पडत होते. पुढे त्यांनी मुद्दाम बीपीए देऊन हाच परिणाम पुन्हा घडवून दाखवला आणि २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेने प्लास्टिकचा प्रकार बदलला, पॉलिसल्फोनचे पिंजरे आणले. काही वर्षांनी तशाच गडबडी पुन्हा सुरू झाल्या, आणि या वेळी खराब झालेल्या पिंजऱ्यांतून निघत होते बिस्फेनॉल एस, म्हणजे बीपीएचा पर्याय म्हणून उद्योगाने उचललेला त्याचाच सख्खा भाऊ. हा दुसरा अनुभव २०१८ मध्ये छापून आला. एका अक्षराच्या फरकाने शिक्का खरा ठरतो, प्राण्याच्या पेशींना मात्र तो फरक तितकासा कळत नाही. पिंजऱ्याच्या या गोष्टीतून घरात लगेच वापरण्याजोगा एक धडाही मिळतो: ओरखडे पडलेले, पांढुरके झालेले पारदर्शक टणक प्लास्टिक कडक साबणाने आणि उकळत्या पाण्याने घासत राहणे हा स्वच्छतेचा चांगला मार्ग नव्हे. पाण्याचे भांडे स्टीलचे घेतले की हा प्रश्नच उरत नाही.

नियमांची स्थिती थोडक्यात अशी आहे. युरोपीय संघाने लहान मुलांच्या तोंडात जाणाऱ्या खेळण्यांतल्या थॅलेटांवर १९९९ मध्ये तात्पुरती आणि २००५ मध्ये कायमची मर्यादा आणली. अमेरिकेने २००८ च्या कायद्याने मुलांच्या खेळण्यांत ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. या दोन्ही नियमांत खेळणे म्हणजे मुलाचे खेळणे. अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या खाद्यावर देखरेख करणारी यंत्रणा आहे, पण प्राण्याला अपाय होतो की नाही या दृष्टीने त्याचे खेळणे विक्रीपूर्वी तपासावे, असे बंधन नाही. युरोपात जुलै २०२० पासून चार थॅलेटांवरची ०.१ टक्क्याची मर्यादा माणसाच्या संपर्कात येणाऱ्या प्लास्टिकच्या बहुतेक ग्राहकोपयोगी वस्तूंना लावली गेली. म्हणजे तिथे कुत्र्याला संरक्षण मिळाले असेल तर ते त्याच्या जबड्यामुळे नव्हे, खेळणे फेकणाऱ्या आपल्या हातामुळे. बीपीएबाबत युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये माणसासाठीची रोजची सुरक्षित मात्रा आधीच्या मानाने वीस हजार पटींनी खाली आणली. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेला ही कपात अवाजवी वाटली आणि तिने तसे जाहीरही केले. तज्ज्ञांतच इतके अंतर असताना कुत्र्यासाठीचा सुरक्षित आकडा कोणी ठामपणे सांगत असेल, तर त्याच्याकडे संशयाने पाहावे.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. मऊ विनाइलची खेळणी घरातून गेली. ती ओळखायला पुनर्वापराच्या त्रिकोणातला ३ हा आकडा उपयोगी पडतो, पण खेळण्यांवर तो क्वचितच असतो. नव्या शॉवरच्या पडद्यासारखा उग्र वास हा त्याहून जास्त भरवशाचा संकेत आहे. चावून निघालेला एखादा तुकडा पाण्यात टाकून पाहता येतो. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन सामान्यतः तरंगतात, पीव्हीसी बुडते. पण नायलॉन आणि सिलिकॉनही बुडतात, तेव्हा तुकडा तरंगला तर बहुधा पीव्हीसी नाही, एवढेच त्यावरून म्हणता येते. बुडाला म्हणून लगेच निकाल देता येत नाही. तुकडा जाळून वास घेण्याचा सल्ला काही ठिकाणी वाचला. तो कोणी मानू नये, पीव्हीसीचा धूर खेळण्यापेक्षा नक्कीच वाईट आहे.

पोकळ खेळण्यात पीनट बटर किंवा चीज भरून देण्याची पद्धत सगळीकडे आहे. कुत्रा शांत बसतो, त्यामुळे ती चांगलीच आहे, पण थॅलेट चरबीत विरघळतात, म्हणून स्निग्ध पदार्थ भरायचा तर तो विनाइलमध्ये किंवा साहित्याचा पत्ता नसलेल्या प्लास्टिकमध्ये कधीच भरू नये. त्यासाठी जाड नैसर्गिक रबराचे खेळणे, आणि उत्पादकाला विचारल्यावर कोणत्या पदार्थाचे आहे हे सरळ सांगितले जात असेल असेच, घ्यावे. मी काही उत्पादकांना लिहून विचारले होते. ‘विषारी नाही’ एवढेच उत्तर ज्यांनी दिले त्यांची खेळणी घेतली नाहीत, कारण त्या शब्दामागे कोणती चाचणी आहे हे कोणी सांगितले नाही.

पर्याय निवडताना रसायनांच्या धाकाने दुसऱ्या खड्ड्यात पडू नये. प्लास्टिक नको म्हणून हाड, शिंग किंवा अतिशय कडक नायलॉन दिले तर वरच्या बाजूची मोठी दाढ चिरण्याचा धोका असतो, आणि पशुवैद्यांकडे हे दात नेहमी येतात. अंगठ्याचे नख दाबून जिथे थोडासाही ठसा उमटत नाही ते चावायला देऊ नये, हा त्यांचा साधा नियम मला पटतो. सुती दोर रसायनांच्या दृष्टीने बरा, पण त्याचे सुटलेले धागे गिळले गेले तर आतडे गोळा होऊन शस्त्रक्रियेची वेळ येते. खेळण्याचा तुकडा अडकून आतडे बंद होणे हा धोका आजचा आणि डोळ्यांसमोरचा आहे. संप्रेरकांचा धोका लांबचा आणि अंधूक आहे. दोहोंत निवड करायची वेळ आली तर मी पहिल्याला आधी महत्त्व देईन. सुदैवाने बहुतेक वेळा दोन्हींचे उत्तर एकच निघते: तुकडे पडू लागलेले, चिकट झालेले किंवा तडकलेले खेळणे त्याच दिवशी कचऱ्यात टाकणे.

मांजरे पाळणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की फेनॉल वर्गातली अनेक रसायने निकामी करणारे यकृतातले एक विकर (एन्झाइम) मांजरांत काम करत नाही; पॅरासिटामॉल त्यांना प्राणघातक ठरते त्यामागे हेही एक मोठे कारण आहे. मांजर खेळणे फारसे चावत नाही, पण दिवसभर अंग चाटते आणि केसांवर बसलेली घरातली धूळ पोटात घेते. त्यामुळे तिच्यासाठी खेळण्यांच्या टोपलीपेक्षा ओल्या फडक्याने पुसलेली जमीन अधिक कामाची आहे.